कोजागिरीचं दूध, सासूबाईंचा आग्रह आणि लॅक्टेज नावाचं विकर

रानजाई | ८ ऑक्टोबर, रात्री ९:४०

परवा गच्चीवर कोजागिरी झाली. आमच्याकडे दूध सासूबाई आटवतात. लिटरचं जेमतेम पाऊण लिटर होईपर्यंत पातेल्यापाशी उभ्या असतात, मग केशर, जायफळ, चारोळी. चव अशी की पहिला ग्लास संपायच्या आत दुसरा पुढे येतो आणि नाही म्हणवत नाही. मी दोन ग्लास प्यायले. पहाटे तीनपासून पोटात गुरगुर, फुगारा, कळा, आणि सकाळी चार वेळा धावपळ. हे दरवर्षीचंच आहे. एरवीही नुसतं दूध प्यायलं की दोन-तीन तासांत त्रास होतो. दही, ताक, पनीर मात्र बिनधास्त चालतं. बाबांचंही असंच होतं, ते आयुष्यभर काळा चहा प्यायले.

सासूबाई म्हणतात, "सवय मोडलीस म्हणून बाधतं. रोज थोडं पीत जा, पोट आपोआप धरेल." त्या प्रेमानेच म्हणतात, त्यांच्याबद्दल तक्रार मुळीच नाही. पण लेक सात वर्षांची आहे. गेल्या वर्षभरात तीही सकाळच्या दुधाचा कप बघून "पोटात दुखतं" म्हणायला लागली आहे, आणि घरातले सगळे त्याला नखरे म्हणतात. मलाच कळत नाही तिला दूध प्यायला लावावं की नाही.

लॅक्टेज नावाचं एक विकर (एन्झाइम) कमी पडतं एवढंच वाचलंय. ते नेमकं काय करतं? सवयीने वाढतं का? दुधाचं दही झालं की बाधत नाही, ते का? जाणकारांनी सांगावं.

रंकाळ्याकाठी | ८ ऑक्टोबर, रात्री १०:०५

आमच्या कोल्हापुरात हे वाचून लोक हळहळतील बघा. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळतात आणि ग्लास फेसासकट तोंडाला लावायचा. मी आठवीपासून पितोय, रोज अर्धा लिटर. आजवर काही झालं नाही. दूध चांगलं असलं की बाधत नाही असं माझं मत. पिशवीतलं पिऊन बघितलं असेल तुम्ही.

मोहोर | ८ ऑक्टोबर, रात्री १०:२१

रंकाळ्याकाठी, कट्ट्यावरचं दूध मीही प्यायलेय, घरी पोचेपर्यंत हाल झाले. दूध उत्तमच होतं.

रानजाई, तुमच्या लेकीच्या जागी मी होते. शाळेच्या आधी एक कप दूध सक्तीचं, आणि दुसऱ्या तासाला पोट धरून बसायचं. बाई म्हणायच्या, गणित आलं की हिच्या पोटात दुखतं. कारण कळलं तेव्हा मी २९ वर्षांची होते. एवढंच सांगते, मुलगी दुखतंय म्हणते तर दुखतंय.

जीवरसायन | ८ ऑक्टोबर, रात्री ११:३०

मी नाशिकला महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवते. हा माझा दरवर्षीचा आवडता तास, म्हणून जरा लांबण लावते.

दुधातली साखर म्हणजे दुग्धशर्करा, लॅक्टोज. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज अशा दोन छोट्या साखरा एकमेकींचा हात धरून असतात, तशी ही जोडसाखर. आपल्या लहान आतड्याला एकेकटी साखर आत घेता येते, जोडी घेता येत नाही. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, त्यांच्या पेशींवर लॅक्टेज बसलेलं असतं. ते ही जोडी सोडवतं. साध्या साखरेसाठी त्याच ठिकाणी सुक्रेज असतं, पिठाच्या तुकड्यांसाठी माल्टेज. प्रत्येकाचं काम ठरलेलं, एक दुसऱ्याचं काम करत नाही.

लॅक्टेज कमी असलं की जोडी तशीच पुढे मोठ्या आतड्यात जाते. जाताना आपल्याबरोबर पाणी ओढून घेते, म्हणून पातळ होतं. मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना ती आयती मेजवानी. ते तिच्यापासून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काही जणांत मिथेन तयार करतात. तो फुगारा, ती गुरगुर. दूध प्यायल्यावर लगेच नाही, दोन-तीन तासांनी होतं, कारण तेवढा वेळ वाटेत जातो. रानजाईंनी लिहिलेली वेळ अगदी बरोबर जुळते.

आता कोजागिरीचा हिशेब करू. गाईच्या किंवा म्हशीच्या १०० मिलिलिटर दुधात साधारण ५ ग्रॅम दुग्धशर्करा असते. लिटरात ५० ग्रॅम. आटवताना फक्त पाणी उडतं, साखर सगळी पातेल्यातच राहते. लिटरचं पाऊण लिटर झालं की १०० मिलिलिटरमागे सुमारे साडेसहा ग्रॅम. २०० मिलिलिटरचे दोन ग्लास म्हणजे २६ ग्रॅम झाले. रुग्णालयात लॅक्टोज पचतं की नाही हे तपासायला जे द्रावण पाजतात, त्यात बहुतेक ठिकाणी २५ ग्रॅम असतं! म्हणजे रानजाई, तुम्ही दर कोजागिरीला गच्चीवर पूर्ण मात्रेची चाचणी करून घेताय.

रंकाळ्याकाठी | ८ ऑक्टोबर, रात्री ११:४४

जीवरसायन ताई, हिशेब पटला. पण मग मला का होत नाही? अर्धा लिटर म्हणजे तर २५ ग्रॅम रोजचेच की.

जीवरसायन | ९ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

कारण तुमचं लॅक्टेज चालू राहिलंय. वेगळेपण तुमचं आहे, रानजाईंचं नाही.

बाळ असताना सगळ्यांकडे लॅक्टेज भरपूर असतं. आईच्या दुधात तर १०० मिलिलिटरला ७ ग्रॅम दुग्धशर्करा असते, ती पचलीच पाहिजे. अंगावरचं दूध सुटलं की सस्तन प्राण्यांत हे विकर हळूहळू कमी होत जातं. मांजर, कुत्रा, गाय, सगळ्यांत. जगातल्या मोठ्या माणसांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांत तसंच होतं. विकर तयार करणारं जनुक बिघडलेलं नसतं, त्याचं बटण बंद होतं. हे बटण शेजारच्या जनुकात आहे. त्यातलं एक अक्षर बदललेलं असेल तर बटण आयुष्यभर चालू राहतं. २००२ साली फिनलंडमधल्या शास्त्रज्ञांनी हा बदल शोधला. पूर्व आफ्रिकेतल्या गुराख्यांमध्ये वेगळी अक्षरं बदललेली सापडली, काम तेच. भारतात मुख्यतः युरोपातलंच अक्षर आढळतं. वायव्येकडे जास्त, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी.

आई किंवा वडील, एकाकडून जरी ते अक्षर आलं तरी पुरतं.

सातासमुद्रापार | ९ ऑक्टोबर, सकाळी ८:०२

इथे अमेरिकेत आमच्या ऑफिसात चिनी, कोरियन, व्हिएतनामी सहकारी बरेच आहेत. कॉफीच्या यंत्राशेजारी साधं दूध एक भांडं आणि लॅक्टोज काढलेलं दोन भांडी असतात. कोणी कोणाला कारण विचारत नाही. मला पुण्यात वीस वर्षं "दूध न पिणारा मुलगा" म्हणून ओळखलं जायचं, त्यामुळे ते यंत्र पहिल्यांदा बघितलं तेव्हा बरं वाटलं.

लॅक्टोज काढलेलं दूध जरा गोड लागतं, ते का?

जीवरसायन | ९ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

काहीही काढलेलं नसतं, म्हणून. त्या दुधात लॅक्टेज आधीच घालून जोडी सोडवलेली असते. सुटं ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज जोडसाखरेपेक्षा जिभेला गोड लागतं. साखर तेवढीच, उष्मांक तेवढेच. त्यामुळे मधुमेहींनी ते "बिनसाखरेचं" समजू नये.

देशीगोधन | ९ ऑक्टोबर, सकाळी १०:१२

मूळ मुद्दा सगळ्यांच्या नजरेतून सुटतोय. आपल्या आज्या-पणज्यांना हा त्रास नव्हता, कारण त्या देशी गाईचं ए-टू दूध पीत. जर्सी आली आणि पोटं बिघडली. माझ्याकडे तीन गीर गाई आहेत. ज्यांना बाहेरचं दूध सोसत नाही अशी दोन कुटुंबं आमच्याकडून दूध नेतात आणि त्यांना काही होत नाही. ताईंनी आधी दूध बदलून बघावं.

जीवरसायन | ९ ऑक्टोबर, दुपारी १:२०

देशीगोधन, तुम्ही गाई सांभाळता याबद्दल आदर आहे, पण इथे दोन गोष्टींची सरमिसळ होतेय. ए-वन आणि ए-टू हा फरक बीटा केसीन या प्रथिनातला आहे. त्या प्रथिनाच्या साखळीत ६७ व्या जागी एकीकडे हिस्टिडीन असतं, दुसरीकडे प्रोलीन. फरक तेवढाच. दुग्धशर्करा गिरच्या दुधात असते, जर्सीच्या असते आणि म्हशीच्याही असते. म्हशीचं दूध तर ए-टूच असतं, आणि मोहोरचे हाल कोल्हापूरच्या म्हशीनेच केले. काही जणांना ए-टू दुधाने कमी त्रास होतो असं दाखवणारे प्रयोग झाले आहेत, ते मी नाकारत नाही. पण लॅक्टेज कमी असेल तर जोडी सोडवायला गाय बदलून उपयोग नाही.

आणि आज्या-पणज्यांचं म्हणाल तर त्या नुसतं दूध किती पीत होत्या? दुधाचं विरजण लागायचं, ताक घुसळलं जायचं, लोणी निघायचं, तूप कढायचं. दूध असायचं मुलांना, आजाऱ्यांना आणि देवाला.

देशीगोधन | ९ ऑक्टोबर, दुपारी २:०५

शेवटचा परिच्छेद मान्य. आमच्या आजीच्या घरी दूध "प्यायचं" म्हणजे बाळंतीण असली तरच. बाकी सगळं विरजणाला. दूध नेणाऱ्या त्या दोन्ही घरांना आज विचारलं. एका घरी मोठी माणसं दहीच लावतात, पितात फक्त मुलं. दुसऱ्या घरी सगळे पितात आणि सगळ्यांना सोसतं.

खापरखुणा | ९ ऑक्टोबर, सायंकाळी ५:४०

माझा प्रांत पुरातत्त्व. विरजणाचा मुद्दा निघालाच आहे म्हणून सांगतो.

आजच्या तुर्कस्तानात सुमारे ९ हजार वर्षांपूर्वीच्या खापरांमध्ये दुधाच्या चरबीचे अंश सापडले आहेत. मातीच्या भांड्याच्या सूक्ष्म छिद्रांत चरबी मुरते आणि टिकते. आपल्याकडे कच्छमध्ये कोटडा भडली या हडप्पाकालीन वस्तीतल्या खापरांवरही असाच अभ्यास झाला, २०२० साली प्रसिद्ध झाला, आणि साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वी तिथे दुधाचे पदार्थ होत असल्याचं दिसलं. जीवरसायन ताईंनी सांगितलेलं ते बदललेलं अक्षर मात्र युरोपात तुर्कस्तानातल्या त्या खापरांनंतर काही हजार वर्षांनी सर्रास दिसायला लागतं. म्हणजे ज्यांना दूध पचत नव्हतं अशी माणसं पिढ्यान् पिढ्या दुधाच्या पदार्थांवर जगत होती. भांड्यात आंबवून, निथळून ती दूध सोसेल असं करून घेत. खापर हातात घेतलं की त्यात कुणाचं तरी विरजण लागलेलं असेल असा विचार मनात येतो, आणि ते खापर खाली ठेववत नाही.

शेवंती_आजी | ९ ऑक्टोबर, रात्री ८:१५

मी शिकलेली कमी, पण पन्नास वर्षं दुधातच हात आहेत. कोणत्या पदार्थात ही साखर किती राहते ते सोपं करून सांगा ना कुणी. माझ्या धाकट्या जावयालाही दूध सोसत नाही. तो आला की काय करावं सुचत नाही.

जीवरसायन | ९ ऑक्टोबर, रात्री ९:००

आजी, एकच खूण लक्षात ठेवा. दुग्धशर्करा पाण्यात विरघळलेली असते. पदार्थातून पाणी निथळून गेलं तर साखर त्याच्याबरोबर गेली. पाणी आटून गेलं तर साखर मागे राहिली.

तुपात जवळजवळ नाही. पनीरात थोडीच, कारण ते हिरवट पाणी फेकलं जातं. (ते पाणी कणीक मळायला वापरत असाल तर साखर तिथे आली.) चक्क्याचंही पाणी रात्रभर टांगून जातं. खवा मात्र उलट. किलोभर खव्याला ४-५ लिटर दूध आटतं, त्यातली सगळी दुग्धशर्करा त्या किलोभरात. पेढा, बर्फी, बासुंदी, रबडी जावईबापूंना जड. दुधाच्या भुकटीतही ठासून भरलेली असते, आणि ती बिस्किटं, सूप, आइस्क्रीम अशा कितीतरी ठिकाणी असते. खरवस मध्ये कुठेतरी. चिकात ही साखर नेहमीच्या दुधापेक्षा कमीच असते, पण आपण तो सैल करायला दूध घालतो.

दह्याचं उत्तर वेगळं आहे. विरजणातले जिवाणू काही साखर खाऊन तिचं आम्ल करतात, म्हणून दही आंबट. पण बरीच उरतेही. तरी बाधत नाही, कारण त्या जिवाणूंकडे स्वतःचं विकर असतं. दही पोटात गेल्यावर त्यातले जिवंत जिवाणू लहान आतड्यात पोचतात, तिथे फुटतात आणि त्यांचं विकर आपल्यासाठी काम करतं. शिवाय घट्ट दही पोटातून सावकाश पुढे सरकतं. म्हणून कढी करताना दही खूप उकळलं तर ही मदत मिळत नाही, जिवाणू मेलेले असतात.

शेवंती_आजी | ९ ऑक्टोबर, रात्री ९:२०

निथळलं की गेलं, आटलं की राहिलं. आता विसरणार नाही. जावयाला श्रीखंड.

गोमंतकी | ९ ऑक्टोबर, रात्री ९:४८

आमच्याकडे या आणि मणगणें खा! हरभऱ्याची डाळ, साबुदाणा, गूळ आणि नारळाचा रस. दुधाचा थेंब नाही. नारळाच्या रसाला आम्ही दूध म्हणत असलो तरी त्यात ही साखर नसते.

घडीभर | ९ ऑक्टोबर, रात्री १०:१०

मणगण्याने मला दुधापेक्षा जास्त गॅस होतो. हरभऱ्याची डाळ! वाल, पावटा, चवळी, हरभरा, काहीही खाल्लं की तीच गुरगुर. मग माझं कोणतं विकर कमी?

जीवरसायन | १० ऑक्टोबर, सकाळी ७:०५

घडीभर, तुमचं काहीच कमी नाही. कडधान्यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज अशा साखरा असतात, त्या सोडवणारं अल्फा-गॅलॅक्टोसिडेज हे विकर माणसाच्या आतड्यात कुणाकडेच नसतं. त्यामुळे त्या सगळ्यांच्याच मोठ्या आतड्यात जातात.

पण ते विकर खुद्द बियांमध्ये असतं. मटकी भिजली, मोड यायला लागले की बी जागं होतं आणि आपली साठवलेली साखर स्वतःच तोडून वापरायला घेतं. म्हणून मोड आलेले वाल नुसत्या शिजवलेल्या वालांपेक्षा सोसतात. भिजवलेलं पाणी ओतून दिलं तर त्यात विरघळलेली साखरही जाते. डाळिंब्या सोलून करणाऱ्या बायकांनी हे रसायन न शिकता साधलंय.

बापूकाका | १० ऑक्टोबर, सकाळी ९:३०

धागा साखर तोडणाऱ्या विकरांवर आहे म्हणून माझा अनुभव सांगतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. वय ७१, मधुमेह १८ वर्षं. जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर वोग्लिबोज आणि सोबत साखर कमी करणारी दुसरी एक गोळी घेतो.

मागच्या वर्षी एका लग्नात जेवण लांबलं. घाम फुटला, हात थरथरायला लागले. साखर उतरली हे ओळखलं आणि खिशातली खडीसाखर तोंडात टाकली. पाच मिनिटं झाली, दहा झाली, काही फरक नाही. आणखी खाल्ली. शेजारच्या एका मुलीने तिच्या पर्समधलं ग्लुकोजचं पाकीट पाण्यात कालवून दिलं, मग काही मिनिटांत सावरलो. ती परिचारिका होती. तिनेच विचारलं, "आजोबा, गोळी कोणती घेता?" आणि सांगितलं की ही गोळी आतड्यातलं साखर तोडणारं विकरच अडवते. खडीसाखर पोटात नुसती पडून राहते. इतकी वर्षं गोळी घेत होतो, हे मला आधी कुणीही सांगितलं नव्हतं.

डॉ_साधासरळ | १० ऑक्टोबर, सकाळी ११:१०

बापूकाकांचा प्रतिसाद प्रत्येक मधुमेही घराने वाचावा. अकार्बोज, वोग्लिबोज, मिग्लिटॉल या गोळ्या माल्टेज, सुक्रेज यांना अडवतात, त्यामुळे जेवणानंतर रक्तातली साखर एकदम चढत नाही. हाच त्यांचा उपयोग. एकट्या या गोळीने साखर सहसा धोकादायक उतरत नाही, पण सोबत ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन असेल तर उतरू शकते. तेव्हा साखर, गूळ, पेढा, बिस्किट यांवर विसंबू नका. ग्लुकोजच द्या, ते सुटंच असतं, त्याला विकर लागत नाही. खिशात, गाडीत, उशाशी ग्लुकोजचं पाकीट ठेवा. ग्लुकोज नसेल तर दूधही चालतं, कारण लॅक्टेजवर या गोळ्यांचा फारसा परिणाम होत नाही. अर्थात ज्याचं लॅक्टेज शाबूत आहे त्याला. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट रुग्णालयात न्या.

रानजाई, तुमच्याबद्दल. वर्णन लॅक्टेज कमी असल्याचंच वाटतं, पण काही गोष्टी असतील तर घरच्या घरी निदान करू नका: वजन घटणं, शौचावाटे रक्त, रक्तक्षय, रात्री झोपेतून उठवणारा रोजचा त्रास, मुलीची उंची-वजन न वाढणं. गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणाऱ्या सीलिअ‍ॅक आजारातही आतड्याची मखमल झिजते आणि तिच्यावरचं लॅक्टेज जातं. तिथे दूध बंद करून मूळ आजार तसाच राहतो.

मोहोर | १० ऑक्टोबर, दुपारी १२:००

डॉक्टर, माझ्या भाच्याला दीड वर्षाचा असताना जुलाब झाले होते. जुलाब थांबले, पण नंतर दूध दिलं की पुन्हा सुरू व्हायचे. एका ठिकाणी सांगितलं, याला जन्मभर दूध बंद. महिन्याभराने तो सगळं प्यायला लागला. असं होतं का?

डॉ_साधासरळ | १० ऑक्टोबर, दुपारी ३:३५

होतं. लॅक्टेज त्या उंचवट्यांच्या टोकाला असतं. जुलाबात आधी टोकंच झडतात, आणि काही आठवड्यांत नवीन पेशी वर येतात, विकरही परत येतं. त्यामुळे जुलाबानंतरचा दुधाचा त्रास बहुतेकदा तात्पुरता असतो. आईचं दूध मात्र चालूच ठेवायचं.

आणि ओआरएस. तेही याच गोष्टीवर चालतं. आतड्यात ग्लुकोज आत घेणारं जे दार आहे, ते ग्लुकोजबरोबर मीठही आत घेतं, मागून पाणी येतं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ असताना सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचं पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. साध्या साखरेतलं ग्लुकोज सुक्रेज सोडवून देतं, म्हणून घरचं पाणीही चालतं. प्रमाण मात्र चुकवू नका.

निळाई | १० ऑक्टोबर, सायंकाळी ६:२०

अवांतर: लहानपणी वडील म्हणायचे, पोळीचा एक घास बत्तीस वेळा चाव, गोड लागतो. तेही यातलंच का? आणि बाळाला नाचणीचं सत्त्व मोड आणूनच का करतात?

जीवरसायन | १० ऑक्टोबर, रात्री ९:१५

दोन्हीचं उत्तर एकच, अमायलेज. लाळेतलं अमायलेज पिठाच्या लांब साखळ्या कापतं आणि माल्टोज सुटं होतं, म्हणून घास गोड. पिढ्यान् पिढ्या पिष्टमय अन्न खाणाऱ्या समाजांत या विकराच्या जनुकाच्या प्रती जास्त आढळतात, हे २००७ साली दाखवलं गेलं.

नाचणीला मोड आले की तिच्यातही अमायलेज तयार होतं. पेज मंद आचेवर तापत असताना ते पिठाच्या साखळ्या कापतं, त्यामुळे पेज चिकट गोळा न होता सरसरीत राहते. म्हणजे तेवढ्याच वाटीत पीठ जास्त घालता येतं आणि बाळाच्या छोट्या पोटात जास्त बळ जातं. उकळी आली की विकराचं काम संपतं, म्हणून घाईने मोठ्या आचेवर शिजवू नये. जगात पहिलं वेगळं काढलेलं विकरही मोडांतूनच मिळालं. १८३३ साली पायेन आणि पर्सो या फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी मोड आलेल्या बार्लीतून ते काढलं आणि त्याला डायस्टेज म्हटलं. लॅक्टेज, सुक्रेज, माल्टेज या सगळ्यांच्या शेवटी जे "एज" आहे, ते तिथून आलं.

रंकाळ्याकाठी | १० ऑक्टोबर, रात्री ९:५०

रानजाई ताईंचा मूळ प्रश्न राहिला की. सवयीने लॅक्टेज वाढतं का? सासूबाई बरोबर की चूक, एकदा सांगून टाका.

जीवरसायन | १० ऑक्टोबर, रात्री १०:२०

निम्म्या बरोबर! दूध पीत राहिल्याने आपलं लॅक्टेज वाढत नाही, बंद झालेलं बटण चालू होत नाही. पण मोठ्या आतड्यातले जिवाणू बदलतात. रोज थोडी दुग्धशर्करा मिळत राहिली तर ती कमी वायू करून खाणाऱ्यांची संख्या वाढते आणि त्रास कमी होतो. म्हणजे पोट खरंच "धरतं", फक्त धरणारे आपण नसतो.

पण थोडी म्हणजे थोडी. लॅक्टेज कमी असलेल्या बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत, म्हणजे एक कप दूध, जेवणाबरोबर घेतलं तर फारसा त्रास होत नाही. रिकाम्या पोटी तेवढंच दूध बाधू शकतं. चहात तर दोनेक ग्रॅमच जातं.

रानजाई | २ नोव्हेंबर, रात्री १०:३०

धाग्यावर परत यायला उशीर झाला. तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. घडलं ते सांगते.

दोन आठवडे नुसतं दूध, खवा, आइस्क्रीम बंद ठेवलं, दही-ताक चालू. पोट शांत. मग श्वासाची चाचणी करून घेतली. आदल्या दिवशी फक्त भात, डाळी-भाज्या नाहीत, रात्रभर उपाशी. सकाळी नळीत फुंकायचं, मग साखरेचं पाणी, मग तीन तास दर अर्ध्या तासाने फुंकर. जिवाणूंनी केलेला हायड्रोजन रक्तात मिसळून फुप्फुसांतून बाहेर येतो, तो मोजतात. मूळ आकड्यापेक्षा दशलक्षात २० भाग वाढला तर लॅक्टोज पचत नाही असं धरतात. माझा दुसऱ्या तासालाच ६१ ने वाढला. घरी येईपर्यंत पोटाने तेच सांगितलं.

लेकीला बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. उंची-वजन नीट आहे. त्यांनी सकाळच्या रिकाम्या पोटीचा कप बंद करायला सांगितला. आता ती दुपारच्या जेवणात दही खाते, सकाळी नाचणीची पेज, संध्याकाळी तिळाचा लाडू, आणि जेवणासोबत कधीतरी अर्धा कप दूध. तीन आठवड्यांत एकदाही पोट दुखलं नाही. परवा मला म्हणाली, "आई, मी खोटं नव्हते बोलत." मी तिला जवळ घेतलं आणि सॉरी म्हटलं.

सासूबाईंना सगळा धागा वाचून दाखवला. "निम्म्या बरोबर" ऐकून खूश झाल्या. मग बराच वेळ गप्प होत्या. नंतर म्हणाल्या, "अगं, मीही कोजागिरीला दूध घेत नाही. आटवते आणि सगळ्यांना वाढते. बाळंतपणानंतर कधी सोसलंच नाही. तुमच्या सासऱ्यांच्या घरी दूध नको म्हणणं बरं दिसत नव्हतं, म्हणून वाढण्याचं काम मागून घेतलं." इतक्या वर्षांत आम्हा कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

म्हणून आता प्रश्न असा, की पुढच्या कोजागिरीला आम्ही तिघींनी पिण्यासारखं दूध करता येईल का? आटवलेलंच हवंय.

मोहोर | २ नोव्हेंबर, रात्री १०:५२

लेकीला माझ्याकडून एक पापा.

जीवरसायन | ३ नोव्हेंबर, सकाळी ७:००

नक्की येईल. औषधाच्या दुकानात लॅक्टेजचे थेंब मिळतात. दूध नेहमीसारखं आटवा, पण मग पूर्ण गार होऊ द्या. गरम दुधात थेंब घातले तर विकरच निकामी होईल. गार दुधात बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात थेंब घाला, ढवळा आणि चोवीस तास फ्रिजमध्ये ठेवा. म्हणजे दूध आदल्या दिवशी आटवायला लागेल. दुसऱ्या दिवशी हलकं गरम करून मसाला घाला. जोडी सुटलेली असल्यामुळे दूध मुळातच गोड झालेलं असेल, साखर निम्म्यावर आणा. लेकीला देण्याआधी एकदा तिच्या डॉक्टरांना विचारून ठेवा.

शेवंती_आजी | ३ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

जायफळ अगदी शेवटी घाला, आणि केशर आधी चमचाभर कोमट दुधात खलून घ्या. साखर घालायच्या आधी सासूबाईंना चाखायला द्या, किती हवी ते त्याच सांगतील.

रानजाई | ३ नोव्हेंबर, सकाळी १०:०५

विचारलं. त्या म्हणाल्या, पुढच्या कोजागिरीपर्यंत कोण थांबतंय, थेंब आणलेस तर येत्या शनिवारीच आटवते.